कमांड लाइनवरून लिंकिंग आणि ऑप्टिमायझेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील उत्तरे लिनक्सवर सी किंवा सी++ मध्ये प्रोग्रॅम लिहून तो ‘जीसीसी’ किंवा ‘क्लँग’च्या साहाय्याने टर्मिनलवरच बांधणाऱ्यांसाठी आहेत. कमांड, पर्याय आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत टंकावीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद कसोशीने पाळावा. ‘-ओ२’सारख्या ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे प्रोग्रॅम अधिक वेगवान किंवा आटोपशीर करण्याच्या, पातळ्यांमध्ये मोठा ‘ओ’ असतो. लहान ‘-ओ’ नंतर मात्र तयार होणाऱ्या फाइलीचे नाव द्यायचे असते. घाईघाईत या लहान ‘ओ’पुढे आपल्याच सोर्स फाइलीचे नाव टंकले जाते आणि दिवसभर लिहिलेली फाइल हातची जाते, हा अनुभव अनेकांनी एकदा तरी घेतलेला असतो.

‘जीसीसी’ ही एकच कमांड दिली की प्रोग्रॅम तयार होतो. मग लिंकर स्वतंत्रपणे समजून घेण्याची गरज काय?

‘जीसीसी’ हा स्वतः कंपायलर नसून इतरांकडून काम करून घेणारा मुकादम आहे. तो सी भाषेसाठी ‘सीसी१’ हा खरा कंपायलर चालवतो, त्यातून निघालेली असेंब्ली (यंत्रभाषेचे वाचनीय रूप) ‘एएस’ या असेंब्लरकडे देतो आणि शेवटी ‘कलेक्ट२’ मार्फत ‘एलडी’ या लिंकरला बोलावतो. कमांडमध्ये ‘-व्ही’ हा पर्याय घातला, तर ही सगळी मालिका पडद्यावर उमटते; प्रत्येकाने एकदा तरी ती वाचून काढावी.

येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की कंपायलर एका वेळी एकच सोर्स फाइल पाहतो. समजा, ‘हिशेब.सी’ मध्ये मेन फंक्शन आहे आणि ते ‘व्याज.सी’ मधील ‘व्याज’ हे फंक्शन बोलावते. ‘हिशेब.सी’ कंपाइल होत असताना ‘व्याज’ कोठे आहे आणि आत काय करते याची कंपायलरला काहीही कल्पना नसते. म्हणून तो ऑब्जेक्ट फाइलीत (एका सोर्सपासून बनणाऱ्या ‘.ओ’ फाइलीत) त्या पत्त्याची जागा मोकळी सोडतो आणि ‘येथे व्याज या सिम्बॉलचा पत्ता भरावा’ अशी नोंद ठेवतो. या नोंदीला रिलोकेशन म्हणतात. मोकळ्या जागा भरणे हे लिंकरचे काम. पुढील बहुतेक प्रश्न, मग ते चुकांविषयीचे असोत वा वेगाविषयीचे, दोन फाइलींमधल्या या कुंपणापाशीच उगम पावतात.

(फंक्शनचे नाव देवनागरीत असलेले हे उदाहरण लुटुपुटीचे नाही. २०२० मध्ये आलेल्या जीसीसीच्या १० व्या आवृत्तीपासून अशी नावे सोर्समध्ये थेट लिहिता येतात, आणि क्लँगमध्ये ही सोय त्याच्याही आधीपासून आहे.)

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही चूक दिसली तर शोध कोठून सुरू करावा?

ही चूक कंपायलरची नसून लिंकरची आहे, हे प्रथम ओळखावे. फंक्शनची घोषणा सापडल्यामुळे कंपायलरचे समाधान झाले होते. लिंकरला मात्र त्याची व्याख्या कोणत्याच फाइलीत मिळाली नाही. त्यामुळे हेडर फाइली उलटसुलट करण्यात वेळ घालवू नये. ‘एनएम’ ही कमांड ऑब्जेक्ट फाइलीवर चालवावी. ज्या नावापुढे मोठा ‘यू’ आहे ते नाव त्या फाइलीला हवे आहे, आणि ज्यापुढे मोठा ‘टी’ आहे ते फंक्शन त्या फाइलीत आहे. ‘यू’ दिसतो पण कोणत्याही फाइलीत ‘टी’ दिसत नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा एखादी ऑब्जेक्ट फाइल किंवा लायब्ररी कमांडमध्ये द्यायची राहून गेलेली असते.

दोन्ही बाजूंना नाव दिसते, तरीही चूक येते, असे असेल तर दोन कारणे तपासावीत. पहिले कारण सी++ मधील नावांच्या बदलाचे आहे. एकाच नावाची अनेक फंक्शने चालावीत म्हणून सी++ कंपायलर नावात प्रकारांची माहिती गुंफतो. दोन डबल घेणारे ‘व्याज’ हे फंक्शन ऑब्जेक्ट फाइलीत ‘_झेड१५व्याजडीडी’ असे होते. त्यातील १५ म्हणजे नावाची बाइटमधील लांबी : ‘व्याज’ या शब्दात युनिकोडचे ५ संकेत आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. सी कंपायलर मात्र तेच नाव जसेच्या तसे ठेवतो. म्हणून सीमध्ये लिहिलेले फंक्शन सी++ मधून बोलवायचे असेल, तर त्याची घोषणा ‘एक्स्टर्न सी’ या कंसात करावी लागते. बदललेली नावे वाचण्यासाठी ‘एनएम -सी’ (येथे ‘सी’ मोठा) किंवा ‘सी++फिल्ट’ वापरावे.

दुसरे कारण क्रमाचे आहे, आणि अनुभवी माणसेही तेथे ठेच खातात. लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. ‘.ए’ प्रकारची स्थिर लायब्ररी लागली की तो आपल्याकडची अपुऱ्या नावांची यादी पाहतो, यादीतील नावे पुरवणाऱ्या ऑब्जेक्ट फाइली तेवढ्या त्या लायब्ररीतून उचलतो आणि पुढे जातो. यादी कोरी असताना किराणा दुकानात गेलेला माणूस जसा रिकाम्या हाताने बाहेर पडतो, तसेच येथे घडते : लायब्ररी आधी लिहिली आणि तिची गरज असलेली ‘हिशेब.ओ’ नंतर लिहिली, तर लायब्ररीतून काहीच घेतले जात नाही आणि लिंकर त्या दुकानात पुन्हा परतत नाही. म्हणून ‘-एल’ने सुरू होणारी नावे नेहमी ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर लिहावीत. दोन लायब्ऱ्या परस्परांवर अवलंबून असतील, तर त्यांना ‘--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘--एंड-ग्रुप’ यांच्या मध्ये ठेवावे, म्हणजे लिंकर त्यांच्यात पुन्हापुन्हा शोध घेतो. उबुंटूवर हाच नियम ‘.एसओ’ प्रकारच्या सामायिक लायब्ऱ्यांनाही जाचतो, कारण तेथे ‘--अॅझ-नीडेड’ हा, गरज दिसलेल्या लायब्ऱ्याच जोडणारा, पर्याय मुळातच चालू असतो.

‘मल्टिपल डेफिनिशन’ ही चूक जुन्या प्रकल्पात अचानक का येऊ लागली?

हेडर फाइलीत ‘एक्स्टर्न’ न लिहिता जागतिक व्हेरिएबल ठेवले, तर ती हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलीत त्याची एकेक व्याख्या तयार होते. जुना जीसीसी अशा व्याख्या मुकाट्याने एकत्र करत असे. १० व्या आवृत्तीपासून ‘-एफनो-कॉमन’ हे वर्तन मूळचेच झाले आणि झाकलेली चूक उघडी पडली. ‘-एफकॉमन’ देऊन ती पुन्हा झाकता येते; परंतु हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहून व्याख्या एकाच ‘.सी’ फाइलीत ठेवणे हाच योग्य उपाय आहे.

प्रोग्रॅम नीट लिंक झाला, पण चालवताना सामायिक लायब्ररी सापडत नाही. असे का?

मोठ्या ‘-एल’ने दिलेली वाट फक्त लिंकिंगच्या वेळी उपयोगी पडते. प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ऱ्या शोधण्याचे काम ‘एलडी.एसओ’ हा वेगळा लोडर करतो आणि त्याला ती वाट माहीत नसते. लायब्ररी व्यवस्थेतील नेहमीच्या जागी बसवली असेल, तर ‘एलडीकॉन्फिग’ चालवल्यावर प्रश्न मिटतो. लायब्ररी प्रोग्रॅमसोबतच वाटायची असेल, तर लिंक करताना ‘-आरपाथ’ देऊन त्यात ‘$ओरिजिन’ लिहावे, म्हणजे लोडर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेपासून शोध सुरू करतो. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे व्हेरिएबल तपासणीपुरते ठीक आहे. ते लॉगिनच्या फाइलीत कायमचे लिहून ठेवले, की काही महिन्यांनी भलत्याच प्रोग्रॅमला भलतीच लायब्ररी मिळते आणि कारण कोणालाच आठवत नाही.

कोणती लायब्ररी सापडली नाही हे ‘एलडीडी’ दाखवते. मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रॅमवर ‘एलडीडी’ चालवू नये, कारण काही परिस्थितींत त्या प्रोग्रॅममधील कोडच चालू शकतो. तेथे ‘रीडएल्फ -डी’ वापरावे. ते फाइल केवळ वाचते.

‘-ओ०’ पासून ‘-ओ३’ पर्यंतच्या पातळ्यांपैकी कोणती निवडावी?

काहीच सांगितले नाही, तर ‘-ओ०’ गृहीत धरले जाते. म्हणजे ऑप्टिमायझेशन जवळपास नसते. डीबगरमध्ये ओळीमागून ओळ चालताना त्याचा लाभ होतो, परंतु अशा प्रोग्रॅमचा वेग मोजणे निरर्थक आहे. डीबगिंगची सोय शक्य तितकी राखून थोडे ऑप्टिमायझेशन हवे असेल, तर जीसीसीच्या ४.८ आवृत्तीपासून ‘-ओजी’ उपलब्ध आहे. सर्वसाधारण वापरासाठी ‘-ओ२’ हीच निवड योग्य आहे, आणि जीसीसीच्या १२ व्या आवृत्तीपासून या पातळीवर मर्यादित प्रमाणात व्हेक्टरायझेशनही (एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम) होते. ‘-ओ३’ अधिक फंक्शने इनलाइन करतो (बोलावण्याऐवजी त्यांचा कोड तेथेच उतरवतो) आणि लूप अधिक उलगडतो. त्यामुळे आकडेमोडीचा प्रोग्रॅम वेगवान होऊ शकतो, तसाच कोडचा आकार वाढून प्रोसेसरच्या कॅशवर ताण आल्याने तो मंदही होऊ शकतो. मोजमाप केल्याशिवाय ‘-ओ३’ला ‘-ओ२’पेक्षा श्रेष्ठ मानू नये.

आकार महत्त्वाचा असेल, तर ‘-ओएस’ वापरावे; त्याहूनही कंजूष ‘-ओझेड’ क्लँगमध्ये पूर्वीपासून आहे आणि जीसीसीत १२ व्या आवृत्तीत आले. ‘-ओफास्ट’चे नाव मोहात पाडणारे आहे, परंतु ते ‘-एफफास्ट-मॅथ’ चालू करते. त्यानंतर कंपायलर दशांशांच्या बेरजांचा क्रम बदलण्यास मोकळा होतो आणि ‘अंक नाही’ (‘नॅन’) हे मूल्य कधी येणारच नाही असे गृहीत धरतो. पैशांच्या किंवा मोजमापांच्या हिशेबात हा पर्याय वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘-मार्च=नेटिव्ह’ घातल्याने वेग वाढतो, तर तो नेहमीच का घालू नये?

या पर्यायाने कंपायलर समोरच्या यंत्रातील प्रोसेसरच्या सर्व सूचना वापरतो. तोच प्रोग्रॅम त्या सूचना नसलेल्या जुन्या यंत्रावर नेला, तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढाच निरोप देऊन तो बंद पडतो. मी स्वतः माझ्या नव्या लॅपटॉपवर बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या जुन्या सर्व्हरवर चढवला होता आणि दोष कोडमध्ये आहे असे समजून संध्याकाळ घालवली होती. वाटण्यासाठीचा प्रोग्रॅम ‘एक्स८६-६४-व्ही२’ किंवा ‘व्ही३’ अशा ठरावीक पायरीवर बांधावा आणि ती पायरी कागदोपत्री नोंदवावी.

लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन म्हणजे काय, आणि ते चालू कसे करावे?

पहिल्या उत्तरातील कुंपण पाडण्याचा हा मार्ग आहे. ‘व्याज’ हे फंक्शन दोन-तीन ओळींचेच असले, तरी ते वेगळ्या फाइलीत असल्यामुळे ‘हिशेब.सी’ मध्ये ते इनलाइन करता येत नाही. लूपमध्ये लाख वेळा बोलावले, तर लाख वेळा उडी मारावी लागते. ‘-एफएलटीओ’ हा पर्याय दिल्यावर कंपायलर ऑब्जेक्ट फाइलीत यंत्रभाषेऐवजी आपले, सोर्स आणि यंत्रभाषा यांच्यामधले, मधले रूप साठवतो. लिंकिंगच्या वेळी ही सगळी रूपे एकत्र वाचली जातात, आणि मग फाइलींच्या सीमा ओलांडून इनलाइनिंग करणे, न वापरलेली फंक्शने काढून टाकणे, स्थिर मूल्ये आत पोहोचवणे ही कामे होतात. जीसीसीत ही सोय २०१० मधील ४.५ या आवृत्तीत आली. क्लँगमध्ये पूर्ण रूपाखेरीज ‘-एफएलटीओ=थिन’ हे हलके रूपही आहे; त्यात प्रत्येक फाइलीचा सारांश आधी एकत्र केला जातो आणि खरे काम अनेक प्रोसेसरांवर समांतर चालते, म्हणून मोठ्या प्रकल्पांना ते परवडते.

हा पर्याय कंपाइल करताना आणि लिंक करताना, अशा दोन्ही वेळा द्यावा, आणि ‘-ओ२’ही दोन्हीकडे ठेवावे. लिंक करताना ‘एलडी’ थेट न बोलावता ‘जीसीसी’ किंवा ‘क्लँग’मार्फतच लिंक करावे, कारण लागणारे प्लगइन तेच जोडून देतात. जीसीसीमध्ये ‘-एफएलटीओ=ऑटो’ लिहिल्यास यंत्रात उपलब्ध असतील तितके प्रोसेसर कामाला लागतात. लिनक्सच्या वितरणांपैकी ओपनसूसे टंबलवीडने २०१९ मध्ये आणि फेडोराने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीत आपली पॅकेजे मुळातच या पद्धतीने बांधण्यास सुरुवात केली, यावरून ही सोय प्रयोगाच्या पुढे गेल्याचे दिसते.

‘-एफएलटीओ’ वापरल्यावर स्थिर लायब्ररीतील फंक्शने सापडेनाशी झाली. काय चुकले?

ऑब्जेक्ट फाइलीत आता मधले रूप असल्यामुळे साध्या ‘एआर’ला त्यातील नावे वाचता न येण्याची शक्यता असते, आणि मग लायब्ररीची अनुक्रमणिका रिकामी राहते. ‘एआर’, ‘एनएम’ आणि ‘रॅनलिब’ यांच्याऐवजी ‘जीसीसी-एआर’, ‘जीसीसी-एनएम’ आणि ‘जीसीसी-रॅनलिब’ वापरावेत. क्लँगसोबत ‘एलएलव्हीएम-एआर’ वापरावे. जीसीसीचे मधले रूप आवृत्तीनुसार बदलते, म्हणून एका आवृत्तीने बांधलेली अशी लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीने लिंक करण्याचा प्रयत्न करू नये. लायब्ररी इतरांना द्यायचीच असेल, तर ‘-एफफॅट-एलटीओ-ऑब्जेक्ट्स’ देऊन दोन्ही रूपे साठवता येतात. फाइलींचा आकार त्यामुळे फुगतो, परंतु तक्रारी थांबतात.

एलएलव्हीएमची साधने वापरून हे टप्पे स्वतः एकेक करून पाहता येतात का?

येतात, आणि शिकण्यासाठी यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. क्लँगचा पाया असलेल्या एलएलव्हीएमची सुरुवात २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी केली. प्रत्येक टप्पा स्वतंत्र कमांड म्हणून हाताळता यावा, ही त्याची घडण आजही टिकून आहे. ‘क्लँग -सी -एमिट-एलएलव्हीएम’ने प्रत्येक सोर्सची ‘.बीसी’ फाइल करावी. ‘एलएलव्हीएम-लिंक’ने त्या सगळ्यांची एक फाइल करावी. ‘ऑप्ट’ने तिच्यावर हवे ते पास (ऑप्टिमायझेशनचे एकेक टप्पे) चालवावेत, ‘एलएलसी’ने यंत्रासाठी असेंब्ली किंवा ऑब्जेक्ट फाइल बनवावी, आणि शेवटी ‘क्लँग’ने लिंक करावे. मधली कोणतीही ‘.बीसी’ फाइल ‘एलएलव्हीएम-डिस’ने वाचनीय मजकुरात बदलता येते.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला असा की पातळी न देता ‘क्लँग’ चालवले, तर प्रत्येक फंक्शनवर ‘ऑप्टनन’ अशी खूण बसते आणि नंतर ‘ऑप्ट’ त्यांना हातही लावत नाही. ‘ऑप्ट काहीच करत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचे दुखणे हेच असते. त्यासाठी ‘-ओ१’ सोबत ‘-एक्सक्लँग -डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस’ द्यावे, म्हणजे खूणही बसत नाही आणि ऑप्टिमायझेशनही ‘ऑप्ट’साठी राखून ठेवले जाते. दुसरा खड्डा ‘इंटरनलाइझ’ या पासचा आहे. ‘एलएलव्हीएम-लिंक’ने फाइली एकत्र केल्या, तरी ‘व्याज’ बाहेरून कोणीतरी बोलावेल ही शक्यता उरतेच. त्यामुळे इनलाइन झाल्यावरही त्याची मूळ प्रत फाइलीत राहते. ‘मेन’ सोडून बाकी सर्व नावे खासगी आहेत असे ‘इंटरनलाइझ’मार्फत सांगितल्यावरच ती प्रत काढली जाते. जुन्या लेखांतील ‘ऑप्ट’च्या कमांड चालल्या नाहीत, तर नवल मानू नये : नवी पास व्यवस्था १३ व्या आवृत्तीपासून मूळची झाली आणि आता पासांची नावे ‘-पासेस=’ या एकाच पर्यायात लिहावी लागतात.

तयार प्रोग्रॅमचा आकार कसा कमी करावा?

आधी ‘साइझ’ ही कमांड चालवून कोड, भरलेला डेटा आणि रिकामा डेटा यांचे आकडे पाहावेत, कारण फाइल मोठी दिसण्याचे कारण अनेकदा केवळ डीबगची माहिती असते. ती ‘स्ट्रिप’ने काढता येते, तथापि ‘ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग’ने तिची वेगळी प्रत आधी जपून ठेवावी, अन्यथा ग्राहकाकडे प्रोग्रॅम कोसळल्यावर हाती फक्त पत्ते उरतात. त्यानंतर ‘-एफफंक्शन-सेक्शन्स’ आणि ‘-एफडेटा-सेक्शन्स’ देऊन कंपाइल करावे, म्हणजे प्रत्येक फंक्शन आपल्या स्वतंत्र कप्प्यात बसते, आणि लिंक करताना ‘-डब्ल्यूएल,--जीसी-सेक्शन्स’ देऊन कोणीही न विचारलेले कप्पे गाळावेत. काय गाळले गेले याची यादी ‘--प्रिंट-जीसी-सेक्शन्स’ देतो, आणि काय का उरले याचा उलगडा ‘-मॅप’ने लिहिलेल्या नकाशातून होतो.

लिंकिंगलाच फार वेळ लागतो. दुसरा लिंकर वापरावा का?

अवश्य वापरून पाहावा; ‘-एफयूज-एलडी=’ या पर्यायापुढे नाव बदलले की पुरते. एलएलव्हीएमचा ‘एलएलडी’ हा जुन्या ‘एलडी’पेक्षा पुष्कळ वेगवान आहे, आणि रुई उएयामा यांचा ‘मोल्ड’, ज्याची १.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली, तो सर्व प्रोसेसर एकाच वेळी राबवून त्याहूनही वेगाने काम संपवतो. ‘गोल्ड’ मात्र नव्या प्रकल्पासाठी निवडू नये, कारण २०२५ मधील बिनयुटिल्सच्या (‘एलडी’, ‘एनएम’ इत्यादी साधनांच्या संचाच्या) २.४४ आवृत्तीत तो मुख्य संचातून वेगळा काढण्यात आला आहे. लिंकरच्या वेगाचा आणि तयार प्रोग्रॅमच्या वेगाचा संबंध नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देतो. कंपायलरमध्ये दोष आहे का?

तसे क्वचित घडते. बहुतेक वेळा दोष आपल्या कोडमध्ये असतो आणि ‘-ओ०’ने तो लपवलेला असतो. चिन्हांकित (‘साइन्ड’) पूर्णांकाची मर्यादा ओलांडली गेली, तर काय व्हावे हे सी भाषा सांगत नाही. म्हणून ‘एक्स अधिक एक हे एक्सपेक्षा लहान आहे का’ ही तपासणी कंपायलरच्या दृष्टीने कायम असत्य असते आणि तो ती सरळ उडवून देतो. एका प्रकारच्या पॉइंटरमधून दुसऱ्या प्रकारचा डेटा वाचणे हाही असाच दोष आहे. लिनक्सचे कर्नल तर त्यासाठी ‘-एफनो-स्ट्रिक्ट-एलायझिंग’ देऊनच बांधले जाते. प्रथम ‘-एफसॅनिटाइझ=अॅड्रेस,अनडिफाइन्ड’ देऊन प्रोग्रॅम पुन्हा बांधावा आणि चालवावा; दोष ज्या ओळीवर आहे ती बहुधा मिळते. दोष केवळ ‘-एफएलटीओ’सोबतच दिसत असेल, तर इशारे काळजीपूर्वक वाचावेत, कारण एकाच नावाच्या रचनेची (‘स्ट्रक्ट’ची) दोन फाइलींत दोन वेगळी वर्णने असल्याचे तेथे प्रथमच उघड होते.

कंपायलरने नेमके काय केले हे पाहण्याचा काही मार्ग आहे का?

जीसीसीमध्ये ‘-एफऑप्ट-इन्फो’ कोणते लूप व्हेक्टराइझ झाले आणि कोणती फंक्शने इनलाइन झाली ते सांगतो; क्लँगमध्ये ‘-आरपास=इनलाइन’ तेच काम करतो, आणि ‘-आरपास-मिस्ड=इनलाइन’ नकाराचे कारण देतो. अंतिम यंत्रभाषा ‘ऑब्जडम्प -डी’ने वाचावी. ‘-एफडम्प-ट्री-ऑल’ दिल्यास जीसीसी प्रत्येक टप्प्यानंतरचे आपले मधले रूप स्वतंत्र फाइलीत लिहितो. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटरमार्फत घेतलेल्या कार्यशाळांमध्ये कंपायलरचा सोर्स उघडण्याआधी अशाच फाइली वाचायला शिकवत, आणि तो क्रम मला फार योग्य वाटतो.

खऱ्या वापराच्या नोंदींवरून कंपायलरला मार्गदर्शन करता येते का?

त्यासाठी ‘-एफप्रोफाइल-जनरेट’ देऊन प्रोग्रॅम बांधावा, नेहमीच्या कामावर चालवावा आणि नंतर ‘-एफप्रोफाइल-यूज’ देऊन पुन्हा बांधावा. मधल्या टप्प्यात ‘.जीसीडीए’ फाइली तयार होतात आणि कोणती वाट किती वेळा चालली ते त्यांत नोंदलेले असते. क्लँगच्या नोंदी ‘एलएलव्हीएम-प्रोफडेटा मर्ज’ने आधी एकत्र कराव्या लागतात. या पद्धतीचे यश नोंदीच्या वेळी दिलेल्या कामावर अवलंबून आहे : केवळ चाचण्या चालवून नोंदी घेतल्या, तर चुका हाताळणाऱ्या वाटाच जास्त चालतात, आणि कंपायलर त्यांनाच राजमार्ग समजतो. लिंक झालेल्या प्रोग्रॅमवरही एक हात फिरवता येतो. फेसबुकमध्ये जन्मलेला आणि २०२२ मध्ये एलएलव्हीएमच्या १४ व्या आवृत्तीसोबत आलेला ‘बोल्ट’ लिनक्सवरील ‘पर्फ’ या वेगमापक साधनाच्या नोंदी वाचून तयार फाइलीतील कोडची मांडणी बदलतो, मात्र त्याचा पूर्ण लाभ हवा असेल, तर लिंक करतानाच ‘--एमिट-रिलॉक्स’ द्यावे लागते, कारण एरवी लिंकर जागा भरून झाल्यावर टाकून देत असलेल्या रिलोकेशनच्या नोंदीच ‘बोल्ट’ला हव्या असतात.